मालक खोकत नाही

"मालक खोकत नाही! किती वेळा सांगू? मालकाला सर्दी होत नाही, मालकाला ठसका लागत नाही, मालक श्वाससुद्धा घेत नाही! अरे, तो मालक आहे का मालधक्क्यावरचा हमाल?"

हा आवाज आमच्या दिग्दर्शकाचा. माणूस हीट ट्रीटमेंटचा फोरमन. उभं आयुष्य भट्टीच्या घुंईघुंईवर ओरडण्यात गेलेलं, त्यामुळे प्रेमाचा संवाद समजावून सांगतानाही शेजारच्या कंपनीतले वॉचमन धावत यायचे. आणि तो ज्याच्यावर ओरडत होता तो मालक म्हणजे मी. कंपनीच्या कॅन्टीनमध्ये, पहिली शिफ्ट सुटल्यावर, टेबलं भिंतीला लावून आमची तालीम चाललेली. मी एका लाकडी दाराच्या मागे पाठीवर निजलेला. दार म्हणजे परदेशातून आलेल्या मशिनच्या खोक्याच्या फळ्या. त्या फळ्यांच्या भुशाने मला खोकला आला, यात माझा काय दोष? पण नाटकात मालक दिसत नाही, बोलत नाही, हलत नाही. फक्त असतो.

आता नियतीची थट्टा बघा. माझा आवाज त्या काळी असा होता की मी पिंपरीला शिंकलो तर आळंदीच्या घाटावर आंघोळ करणारा माणूस 'जीते रहो' म्हणायचा. कंपनीचा भोंगा बिघडला त्या आठवड्यात मॅनेजमेंटने माझ्याच नावाचा विचार केला होता असं मी आजही सांगतो, आणि खोटं पाडायला त्या मॅनेजमेंटमधलं कुणी आता उरलेलं नाही. अशा माणसाला दोन अंकी नाटकात एक शब्द नाही. मूळ कारण, दाराआड निजायला दुसरं कुणी तयार नव्हतं.

हे नाटक आमच्याकडे आलं ते एका अरबी कादंबरीतून. ऐकणारा हसतो. अरबी कादंबरी आणि पिंपरीचं कॅन्टीन यांचा संबंध काय? संबंध एका माणसाचा. आमच्या टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर एक जण होता. आम्ही दोघं भोसरीला भिंतीला भिंत लागून भाड्याच्या खोल्यांत राहायचो, एकाच बसने यायचो. त्याचे वडील खेडच्या बाजूच्या एका गावात मशिदीत पोरांना शिकवायचे. त्यांनी मुलाला लहानपणापासून अरबी घोटून घोटून शिकवली. त्यांची इच्छा एकच, मुलाने मोठा आलिम, धर्माचा पंडित, व्हावं. मुलगा आयटीआयला गेला आणि ग्राइंडरच्या चाकापुढे बसला. म्हातारपणी वडील मुलाकडे राहायला आले खरे, पण दोघांत बोलणं असं नव्हतंच. मीठ आहे का, पाणी आलं का, एवढ्यावर संसार.

एक गोष्ट मात्र रोज व्हायची. पहाटेच्या नमाजाआधी म्हातारा बाहेरच्या कट्ट्यावरून उठायचा आणि मुलाच्या खोलीचं दार वाजवायचा. हळू. मुलगा उठायचा नाही. म्हातारा एकटाच मशिदीत जायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा.

मी एकदा बसमध्ये विचारलं, "राव, तू उठत न्हाईस हे म्हाताऱ्याला म्हाईत हाय, मग ते वाजवतात कशाला?"

"मी जागाच असतो," तो म्हणाला. "पडून ऐकतो. त्यांनी वाजवावं, मी ऐकावं. त्याच्यावर चाललंय आमचं घर."

तर ती कादंबरी. त्याचा एक मावसभाऊ आखातात नोकरीला होता, त्याने ती आणलेली. लेखकाच्या स्वतःच्या देशात तिच्यावर गहजब झाला होता, धर्माचे जाणते उठून उभे राहिले होते, छापायला दुसऱ्या देशात जावं लागलं, असं भाऊ सांगून गेला. ग्राइंडरवाल्याने ती डब्याच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याखाली ठेवून वाचली. एवढ्या जपून तर आम्ही आणीबाणीतली पत्रकंही नेली नव्हती.

गोष्ट साधी होती. एक गल्ली. गल्लीच्या टोकाला मोठं घर, दार बंद. आत त्या घराचा मालक, सगळ्या गल्लीचा आजा, कुणी न पाहिलेला. घरात विहीर, तिचं पाणी सगळ्या नातवंडांचं, असं आज्याने म्हणे लिहून ठेवलंय. पण दाराशी लाठीवाले बसलेत, ते पाणी विकतात. दर पिढीला एक नातू उठतो आणि म्हणतो, आजा माझ्याशी बोलला, पाणी सगळ्यांचं आहे. चार दिवस पाणी सगळ्यांना मिळतं. मग तो नातू जातो आणि त्याचेच चेले लाठ्या घेऊन दाराशी बसतात. शेवटी एक कुलूप दुरुस्त करणारा येतो. तो म्हणतो, आज्याने सांगितलं, आज्याने सांगितलं, असं किती दिवस ऐकायचं? मी स्वतः आत जाऊन विचारतो. तो किल्ली घडवतो, दार उघडतो. आत आजा गेलेला असतो. दार उघडल्यामुळे गेला, का कधीच गेला होता, लेखक सांगत नाही.

कॅन्टीनमध्ये त्याने ही गोष्ट नुसती गोष्ट म्हणून सांगितली. बसमध्ये मला एकट्याला आतलं सांगितलं. गल्ली म्हणजे ही दुनिया. आजा म्हणजे... त्याने बोट वर केलं. वर एका माळणीची पाटी होती, पण मला कळलं. मेंढरं राखणारा पहिला नातू कोण, सुताराच्या घरातला दुसरा कोण, तेही कळलं. तिसऱ्याबद्दल सांगताना त्याचा आवाज आपोआप खाली गेला आणि हात छातीवर आला. नाव त्याने घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

"आणि कुलूपवाला?"

"तो आपण," तो म्हणाला. "कारखानेवाले. माळावर भोंगे उभे केले आणि आता वर बघून म्हणतो, आहे का कुणी आत?"

मी म्हणालो, भाऊ, ही गोष्ट ज्याला लागायची त्याला लागणार. यात देवाला मारलंय.

त्याने डब्याची पिशवी मांडीवर ओढून घेतली. मग म्हणाला, "शिवी देणारा माणूस दार वाजवत बसत नाही, राव. हा लिहिणारा दाराशी बसून रडतोय. वाचताना मला तसंच वाटलं. बाकीच्यांना काय वाटलं ते मला माहीत नाही."

आता या गोष्टीचं नाटक का व्हावं? तर आदल्या वर्षी कामगारांच्या नाट्यस्पर्धेत परीक्षकांनी आमच्या नाटकावर शेरा मारला होता: प्रतीकात्मकता कमी. आमच्या फोरमनच्या जिव्हारी तो शब्द असा लागला की वर्षभर त्याला भट्टीत, ट्रॉलीत, डाळीच्या वाटीत प्रतीकंच दिसत होती. ही गोष्ट ऐकताच त्याने ग्राइंडरवाल्याला मिठीच मारली. यंदा प्रतीकं एवढी घालू की परीक्षकांना उचलून न्यायला टेम्पो लागेल, म्हणाला.

ग्राइंडरवाल्याने महिनाभर खपून गोष्ट मराठीत उतरवली. दोन अटी घातल्या. तिसरा नातू रंगमंचावर येणार नाही, त्याच्याबद्दल इतर लोक फक्त आदराने बोलतील. फोरमन कुरकुरला, मार्क जातील म्हणाला, पण ऐकलं. दुसरी अट शेवटाची. दार उघडून कुलूपवाला आत बघतो, किल्ली हातातून पडते, सगळं शांत होतं. मग तो उंबऱ्यावर बसतो आणि एकच वाक्य म्हणतो: 'आता मी दार कुणाचं वाजवू?' त्यानंतर पडदा. ते वाक्य कादंबरीत नव्हतं, त्याचं स्वतःचं होतं. मला म्हणाला, हे वाक्य आहे म्हणून मी हे नाटक करतोय, हे नसेल तर फाडून टाका.

मग सुरू झाल्या अडचणी, पण भलत्याच बाजूने. संहिता पर्सोनेलच्या साहेबांकडे मंजुरीला गेली. कंपनीचे मोठे शेठ मुंबईला राहायचे, आमच्यातल्या कुणी त्यांना पाहिलेलं नव्हतं, आणि फाटकाच्या आत त्यांचा एक बंगला कायम बंद असायचा. साहेबांनी संहिता वाचली आणि त्यांना घाम फुटला. ग्राइंडरवाल्याला बोलावून म्हणाले, शेठजींची तब्येत आधीच बरी नसते, तुम्ही त्यांना नाटकात मारू नका. युनियनच्या पुढाऱ्यांना वाटलं, दाराशी बसून पाणी विकणारे लाठीवाले म्हणजे आम्ही. दोघांच्या समाधानासाठी ठरलं की लाठीवाल्यांनी खाकी घालायची नाही आणि खांद्यावर लाल फडकंही टाकायचं नाही. शेवटी त्यांनी चौकड्याच्या लुंग्या नेसल्या, तर सेक्युरिटीतले दोघे केरळी नाराज झाले.

पेंट शॉपमधला एक जण लाठीवाल्यांचा मुख्य होता. बौद्ध घरातला, तोंडाने तिखट, काम फर्डं. त्याला सगळ्या गोष्टीचाच राग. "तुमच्या आज्याने लिहून दिल्याशिवाय पाणी घ्यायचं न्हाई, हे कुणी सांगितलं?" तो विचारायचा. "आमच्या लोकांनी तळ्यावर जाऊन ओंजळ भरली, तेव्हा कुणाच्या आज्याला विचारलं न्हवतं." ग्राइंडरवाला हसून म्हणायचा, भाऊ, तुझं नाटक वेगळं आहे, तू लिही. पण मला दिसायचं, पेंट शॉपवाल्याचं बोलणं त्याला लागायचं. घरी जाताना म्हणाला, ह्याला दार वाजवावंच लागत नाही, किती बरं आहे.

एवढ्या सगळ्या गोंधळात गोष्टीचा खरा अर्थ कुणाच्याच ध्यानात आला नाही. शेठ, युनियन, सेक्युरिटी, जो तो आपापलं तोंड बघत होता. ग्राइंडरवाल्याची रात्रीची झोप मात्र एका माणसाच्या विचाराने गेली होती. वडील. त्यांना एका फटक्यात कळलं असतं.

आणि तरीही त्यांनी यावं असं त्याला वाटत होतं. कंपनीने प्रत्येकाच्या घरी दोन पास दिले होते. आठवडाभर ते त्याने खिशात वागवले. एक दिवस चहाच्या किटलीखाली ठेवून कामाला निघून आला. बसमध्ये मला म्हणाला, त्यांनी मला अरबी शिकवली ती वाया गेली असं त्यांना वाटतं. ती वाया गेली नाही एवढं त्यांना दिसावं. शेवटचं वाक्य त्यांनी ऐकलं की कळेल त्यांना, मी कुठे उभा आहे. मग त्यांना काय ठरवायचं ते ठरवू देत.

प्रयोगाला चार दिवस असताना कुलूपवाल्याचं काम करणारा मिलिंगवाला अपेंडिक्सने दवाखान्यात पडला. फोरमन ओरडला, रडला, भट्टीत उडी मारायला निघाला (भट्टी त्या दिवशी बंद होती). मग ग्राइंडरवाल्याकडे वळला. सगळे शब्द तुझेच आहेत, किल्लीही तूच घडवलीस, आता तूच उभा राहा. तो नाही म्हणत होता. पण नाही म्हणायला त्याच्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं. वडिलांसमोर, स्वतःच्या हाताने, ते दार त्यालाच उघडावं लागणार होतं.

किल्लीचं सांगतो, कारण सगळं तिथेच फिरलं. दुसरी नाटकमंडळी पुठ्ठ्याची किल्ली करतात. टूलरूमची माणसं पुठ्ठ्याला हात लावतील? आम्ही दाराला खरं सात लिव्हरचं कुलूप बसवलं होतं, पितळी, पावशेर तंबाखूच्या डब्याएवढं. आणि ठरलं असं की किल्ली रंगमंचावर, लोकांसमोर, कानस मारून पुरी करायची. शेवटचा एक दात बाकी ठेवायचा, तो तिथे कानसायचा, आणि कुलूप खरंच उघडायचं. उघडलं नाही तर नाटक बुडालं. तालमीत हे बघायला कुणी नसायचं, त्यामुळे लोक काय करतील हे आम्हाला सुचलंच नाही.

चिंचवडला एका शाळेच्या सभागृहात दुपारचा प्रयोग. सगळा प्रेक्षक आसपासच्या कारखान्यांतला. पुढे परीक्षक. तिसऱ्या रांगेत कडेला म्हातारा, पांढरी टोपी, मांडीवर घडी केलेली छत्री. मला दाराच्या फळ्यांच्या फटीतून तो बरोबर दिसत होता. मी आतला, त्यामुळे मला सगळे दिसत होते आणि मी कुणाला नाही. त्या दुपारी मला वरच्याच्या नोकरीची थोडी कल्पना आली. पगार कितीही असो, मी करणार नाही.

पहिल्या नातवाला म्हाताऱ्याने ओळखलं. मान किंचित हलली. दुसऱ्याला ओळखलं. तिसऱ्याबद्दल रंगमंचावर लोक बोलायला लागले आणि तो आलाच नाही, तेव्हा म्हाताऱ्याने छत्रीवरचा हात उचलून छातीवर ठेवला. बसमध्ये मुलाने ठेवला होता तसाच. मला इतकं बरं वाटलं की मी खोकणार होतो. खोकला गिळला.

मग कुलूपवाला आला. खाली बसला, मांडीत किल्ली धरली आणि कानस मारायला लागला. सभागृहातला आवाज बदलला. शेदीडशे फिटर, टर्नर, मशिनिस्ट पुढे झुकले. कानस कशी धरलीय, दाब कुठे देतोय, सगळे बघायला लागले. मागून कुणी म्हणालं, हलक्या हाताने घे. तो उठला, दाराशी आला. किल्ली कुलपात. सभागृहात चिडीचूप. मी दाराच्या आत मरून पडलेला आणि माझ्या कानाशी सात लिव्हर एकामागून एक उठले.

कुलूप उघडलं.

आणि सभागृह फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, बाकं बडवणं. "वा रे टूलरूम!" असं कुणी तरी ओरडलं. शाळेची कौलं थरथरली, एक निसटून खाली पडलं, अर्धं चिंचवड घराबाहेर आलं असेल. माणसं किल्लीला टाळ्या देत होती. किल्ली होतीच तशी. दार उघडून आत आज्याचं प्रेत दिसत होतं आणि शेदीडशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. आणि तिसऱ्या रांगेत एक म्हातारा बसून बघत होता की आजा मेला, मारणारा आपला मुलगा, आणि दुनिया आनंदाने नाचतेय.

पडद्याच्या दोरीवर स्टोअरमधला एक जण होता. नाटकाचा शिरस्ता त्याला ठाऊक: टाळ्यांवर पडदा पाडायचा. त्याने पाडला.

किल्ली खाली पडली. पडद्याच्या अलीकडे, उंबऱ्यावर, तो खाली बसला. मी प्रेत, मला डोळे उघडायची परवानगी नव्हती. मी उघडले. त्याने माझ्याकडे बघून ते वाक्य म्हटलं. हळू. बाहेर टाळ्या चालू होत्या. ते वाक्य त्या दुपारी ऐकलं फक्त मी.

बक्षिसं लगेच जाहीर झाली. आम्हाला दुसरं. परीक्षकांपैकी एकांनी दाराचं फार कौतुक केलं. दारावर वर जाणारा बाण, म्हणजे मानवाची ईश्वराकडे ओढ. पाण्याचा पेला, म्हणजे तहान. छत्री, म्हणजे आज्याचं छत्र. खोक्यावर परदेशातल्या कंपनीने मशिन उलटं ठेवू नका, आपटू नका, भिजवू नका, म्हणून छापलेल्या त्या खुणा. फोरमन खाली मान घालून विनयाने हसत होता. जगात प्रतीकं शोधणाऱ्याला ती सापडतातच. ज्याला सापडायला नको होती, त्यालाही सापडली होती.

आम्ही धावत बाहेर आलो. म्हातारा बसस्टॉपवर उभा होता. मुलगा तोंडाचा रंग न पुसताच त्याच्यासमोर जाऊन थांबला.

"अब्बा," तो म्हणाला, "शेवटी अजून एक वाक्य होतं. टाळ्यांत राहिलं."

म्हातारा बस येते का बघत होता. "जेवढं दिसलं तेवढं बघितलं मी."

ते वाक्य आता रस्त्यावर, रंगलेल्या तोंडाने म्हणणं मुलाला शक्य नव्हतं. मला शांतता सोसत नाही, जन्मापासून नाही. मी पुढे झालो आणि ते वाक्य मीच म्हणून दाखवलं. माझ्या आवाजात. स्टॉपवरची सगळी माणसं वळली, झाडाखालचं कुत्रं उठून निघून गेलं. वर म्हणालो, "आणि चाचा, आजा मेलेला न्हाई हो. हा बघा ना, मीच तो."

म्हाताऱ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. रागाने नाही.

"तुम्ही आतले होता ना," तो म्हणाला. "आतल्याने बोलायचं नसतं."

बस आली. तो चढला, पुढच्या बाकावर बसला. मुलगा मागच्या दाराने चढला आणि उभाच राहिला. बस अर्धी रिकामी होती.

दुसऱ्या दिवशी पहिली शिफ्ट. बसला तो नव्हता. भोंगा झाला, मशिनी सुरू झाल्या, त्याचा ग्राइंडर बंदच. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच. मी काहीतरी निमित्त काढून टाइम ऑफिसकडे गेलो, तेव्हा तो फाटकातून येत होता. केस न विंचरलेले, कानामागे कालचा रंग थोडा राहिलेला. टाइमकीपर चांगला माणूस, काल नाटकाला आलेला, किल्लीवर खूश. त्याने लाल शाईचं पेन उचललं, हसला आणि सगळ्यांना विचारायचा तेच विचारलं, उशीर का झाला.

तो कार्ड पुढे करून म्हणाला, "कुणी उठवलं नाही."